मामा, तुम्ही पुढं चला

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, हे माझ्यासोबत घडलंय.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी अंबडला एका दवाखान्यात कामाला आहे. संध्याकाळी अंकुशनगरच्या अलीकडं फाट्यावर उतरायचं आणि उसातल्या वाटेनं गावात यायचं, हे रोजचंच. त्या दिवशी एसटी उशिरा आली. दिवस बुडाला होता.

वाटेला मी एकटीच.

आणि मागून कुणीतरी खाकरलं...

वळून पाहिलं. कुणी नाही.

मी चाल वाढवली. मागच्या पावलांनीही वाढवली. परत खाकरणं... मग पुरुषाचा आवाज.

"थांब."

मी जी पळाले ती थेट घरात.

आमचे हे हसले. "चोर कधी खाकरतो का? तू भिऊ न्हाई म्हणून खाकरला असंल बिचारा."

आमचे सासरेही दारात खाकरूनच आत येतात, बायांनी पदर सावरावा म्हणून. पण घरातलं खाकरणं वेगळं आणि उसातलं वेगळं, हे ह्यांना काही केल्या पटेना. मला रडूच आलं.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गावातल्या सर्जेरावांचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी गावात पाहुणी आलेली तृप्ती नावाची पोरगी याच वाटेनं येत होती आणि मागं सर्जेराव होते. वळणावर बिनकठड्याची विहीर आहे, ती तिला माहीत नव्हती. शेजारच्या शेतात पाणी देणाऱ्यानं खाकरणं ऐकलं, "थांब" ऐकलं, पोरीचं पळणं ऐकलं. सकाळी दोघांचीही प्रेतं विहिरीत सापडली.

गावातले पुरुष म्हणतात, वाचवायला उडी मारली. बाया म्हणतात, तिच्या मागं लागला होता, अंधारात पडला. सर्जेरावांची बायको, दैवशालाकाकू, तेव्हापासून कुणाच्या दारात गेल्या नाहीत.

नंतर चार दिवस हे मला आणायला आले. मग कापूस घेऊन परतूरला गेले आणि मी परत एकटी.

खाकरणं आलंच...

या वेळी मी पळाले नाही, थांबले. म्हणाले, "मामा, तुम्ही पुढं चला. मागं कुणी असलं की आम्हाला भेव वाटतं."



मग बाजूचा ऊस सळसळला... आणि खाकरणं पुढून आलं. विहिरीजवळून.

सर्जेरावांनी त्या रात्री एवढंच तर करायचं होतं. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून पावलं... हलकी... पळत येणारी. अंगाला वारा चाटून गेला. पावलं विहिरीकडंच निघाली होती.

मी ओरडले, "तृप्ती, थांब."

पावलं अजून जोरात पळाली.

पाण्यात काहीतरी पडलं...

लगेच दुसरा आवाज.

मी जवळ जाऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं. पाणी हललेलं सुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दैवशालाकाकूंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"दुसरा आवाज लगीच आल्ता का?"

"लगेच, काकू. ते विहिरीपाशीच होते, तिच्या मागं नव्हते."

"मंग उडीच मारली त्यांनी." पदर तोंडाला लावून त्या कितीतरी वेळ रडल्या.

ती वाट मी सोडली. आता मोठ्या रस्त्यानं येते. पण माझा तर बाईचा आवाज होता, तरी ती पोरगी थांबली नाही. अंधारात एखादी बाई पुढं एकटी चाललेली दिसली, की हाक मारावी का नाही, हे मला अजून कळत नाही.