सॅडलरच्या घळीतून आलेलं उत्तर

"कोणी येतंय का?"

एवढाच प्रश्न. ब्रिनलीने तो विचारावा म्हणून केनडी तिला डिवचत होती, आणि ब्रिनलीने तो विचारला. बाकीचं सगळं त्यानंतरचं.

आधीच सांगते, हे खरं घडलंय. युटाच्या दक्षिणेला, सॅडलर कॅन्यनमध्ये, गेल्या ऑक्टोबरात. हरणांच्या शिकारीसाठी शाळेला सुट्टी मिळते ना, त्याच आठवड्यात. ब्रिनली माझ्या पुढच्याच बाकावर बसायची. तिने सांगितलं तसंच लिहिते आहे, पदरचं काही नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझी हरकत नाही.

तिघं गेले होते. ब्रिनली, तिची मैत्रीण केनडी आणि केनडीचा कॉलेजातला भाऊ जारोम. जारोमने पिकअप आदल्या दिवशी वरच्या टोकाला नेऊन उभी केली होती. ब्रिनलीच्या मॉमने तिघांना खालच्या टोकाला सोडलं. दिवसभर नदीच्या कोरड्या पात्रातून चालायचं, रात्री मुक्काम, सकाळी घळीतून वर निघून पिकअप गाठायची. साधा बेत.

ब्रिनलीचा तेव्हा काय रुबाब होता म्हणून सांगू. नुकतंच गाडीचं लायसन्स मिळालं होतं, वादविवादात बारावीच्या मुलांना गप्प केलं होतं. "मला आता कशाचीच भीती वाटत नाही," हे ती येताजाता सांगायची. त्या दिवशीही सॅक पाठीवर घेऊन सगळ्यांच्या पुढे.

संध्याकाळी ते घळीच्या खालच्या तोंडाशी पोचले आणि तिथेच मुक्काम टाकला.

घळ म्हणजे दोन उभ्या भिंतींमधली फट. सॅक पाठीवरून काढायची, हातात धरायची आणि अंग एका बाजूला वळवून सरकत जायचं. समोरून कोणी आलं तर दोघंही अडकले. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जण आत शिरण्याआधी तोंडाशी उभं राहून ओरडतो. उत्तर नाही आलं तर जायचं. आलं, तर तो माणूस बाहेर पडेपर्यंत थांबायचं. हे आम्हाला लहानपणापासून इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विचारही करावा लागत नाही.

आणि आत जायचं नसेल तर विचारायचं नाही. हेही त्यातच आलं, आणि जारोमने त्या संध्याकाळी ते पुन्हा बजावलं.

"का पण?" केनडीने विचारलं.

"आतल्या माणसाला वाटतं, आपल्यासाठी कोणी खोळंबलंय," जारोम नूडल्सचं पाणी मोजून ओतत म्हणाला. वाटेतला झरा आटलेला निघाला होता. उरलेलं पाणी उद्या पिकअपपर्यंत जेमतेम पुरणार होतं. "मग तो घाई करतो, पाय मोडून घेतो. उगाच कशाला?"

केनडीने ब्रिनलीला कोपराने ढोसलं. "एवढी शूर ना तू? मग विचार."

"येडी आहेस का? आपल्याला कुठे आत जायचंय आता?"

"घाबरली."

"घाबरतंय तुझं मांजर."

ब्रिनली उठली. तोंडाभोवती हात धरले आणि पूर्ण घसा ताणून विचारलं.

"कोणी येतंय का?"

केनडी मागे तोंड दाबून हसत होती. भिंतींच्या वरच्या कडेवर ऊन उरलं होतं, तेही विझत चाललेलं. वारा नव्हता.

आणि मग...

"येतोय. थांबा."

पुरुषाचा आवाज. खूप लांबचा नाही, अगदी जवळचाही नाही. दमलेला, पण सभ्य.

केनडीचं हसू बंद झालं.

"बघ," जारोम वैतागून म्हणाला. "बिचारा आता अंधारात धडपडत येईल. सांग त्याला, थांबलोय म्हणून."

"थांबलोय," ब्रिनली ओरडली. "सावकाश या."

ते थांबले. दुसरं काय करणार? पाणी कमी असूनही जारोमने त्या माणसासाठी एक कप बाजूला काढला. आतून आवाज येत होता. सॅक दगडावर घासली जाते तसा. सर्र... मग शांत. मग पुन्हा सर्र...

नूडल्स संपल्या. अंधार पडला.

"कुठवर आलात?" ब्रिनलीने विचारलं.

"आलोच."

तेवढ्याच अंतरावरून. त्याच आवाजात.

"अडकलाय तो," जारोम म्हणाला. कपाळावर बॅटरी बांधली आणि आत शिरला. माणूस अडकला असेल तर सोडून कसं जाणार? मुली तोंडाशी उभ्या राहिल्या. बॅटरीचा उजेड भिंतीवरून सरकत गेला, वळणापाशी नाहीसा झाला.

जारोम फार लवकर परत आला. गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"कोणी नाही. पुढे सडकं पाणी साचलंय, बर्फासारखं गार. त्याआधीच्या वाळूवर एक पाऊल नाही, आत जाणारं नाही, बाहेर येणारं नाही."

"मग तो कुठेय?"

जारोमने कप उचलला आणि त्यातलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

"मी हाक मारली," तो म्हणाला. "त्याने ओ दिली. पण... माझ्या मागून. तुम्ही उभ्या होतात तिथून."

त्या रात्री तिघं एकमेकांना चिकटून झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले.

उजाडल्यावर सगळं नेहमीसारखं होतं. वर निळी पट्टी, एक कावळा. जारोमने तोंडाशी जाऊन विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. उत्तर नाही.

"आल्या वाटेने परत जाऊ या," केनडी म्हणाली.

"प्यायचं पाणी कुठेय तेवढं? वर पिकअपमध्ये पाणी आहे. चला."

पुढे जारोम, मध्ये केनडी, शेवटी ब्रिनली. शेवटी मीच राहते, हे तिनेच सांगितलं. अजून थोडा रुबाब शिल्लक होता.

पाणी घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. घळीत ऊन कधी पोचतच नाही, त्यामुळे ते नुसतं थंड नव्हतं, थंडच्या पलीकडचं काहीतरी होतं. कमरेला लागेपर्यंत ब्रिनलीला खाली पाय आहेत की नाहीत ते कळेना. सॅक डोक्यावर धरून ती सरकत राहिली. पुढे केनडीचे दात वाजत होते. ते ऐकू येत होतं तोवर बरं होतं.

मग फट इतकी आवळली की दोन्ही गाल भिंतीला लागले.

आणि मागून...

"कोणी येतंय का?"

तोच पुरुषाचा आवाज. पण आता दमलेला नव्हता. मोकळा होता. उघड्यावर उभा राहून, छाती भरून श्वास घेऊन विचारावं तसा. घळीच्या खालच्या तोंडाशी, जिथे रात्री यांनी मुक्काम केला होता, तिथून.

ब्रिनलीने विचार केला नाही. आमच्यापैकी कोणीच केला नसता. कोणी विचारलं की आतल्याने सांगायचं, एवढंच ठाऊक.

"येतेय," ती ओरडली. "थांबा."

शब्द तोंडातून गेले आणि तिच्या लक्षात आलं. ती तिकडे जातच नव्हती. तिची पाठ होती तिकडे.

"तू कोणाला उत्तर दिलंस?" पुढून जारोमचा आवाज आला.

"मागे कोणीतरी विचारलं."

"कोणी काही विचारलं नाही, ब्रिन. चल. थांबू नकोस."

ती चालत राहिली. वरच्या टोकाला तिघं उन्हात बाहेर पडले. केनडी वाळूवर बसून रडली. ब्रिनलीला रडू आलं नाही. पळत सुटावंसं वाटलं नाही, की सुटलो बुवा असंही वाटलं नाही. पिकअपमधलं पाणी ती प्यायली. पाण्याला चव नव्हती.

घरी आल्यावर पाय बधिरच राहिले.

"गारठले असतील," मॉम म्हणाली. गरम पाण्यात पाय बुडवून बसवलं. ब्रिनलीला पाणी गरम आहे हे वाफेवरून कळलं.

शाळा सुरू झाली. एका सकाळी ती जिन्यावरून खाली आली आणि मॉम किंचाळली. गालिच्यावर रक्ताचे ठसे होते. ब्रिनलीच्या टाचेत फुटलेल्या फोटोफ्रेमची काच घुसली होती, आणि तिला पत्ता नव्हता.

मग गुडघेही बधिर झाले. चालता येत होतं, धावताही येत होतं. फक्त लागत काही नव्हतं. डॉक्टरने सुया टोचल्या, तपासण्या केल्या. सगळं ठीक आहे म्हणाला. ब्रिनली एकेक बोट टेकवून बघायची, आज कुठवर. पाणी चढावं तसं ते चढत होतं. कंबर झाली. बरगड्या झाल्या.

वर्गात ती बोलेनाशी झाली. वादविवादाच्या सरांनी चिडवलं, "काय गं, तोंड घरी विसरलीस?" तर नुसती बघत राहिली. पूर्वी तिने सरांना सोडलं नसतं. मी मागून सगळं बघत होते. राग नाही, लाज नाही, चेहऱ्यावर काहीच नाही.

त्याच आठवड्यात केनडीचा फोन आला. केनडी शाळेनंतर बर्गरच्या दुकानात काम करते.

"ब्रिन, आज एक जोडपं आलं होतं. ओरेगनचं. सॅडलरला जाऊन आले."

"मग?"

"घळीपाशी त्यांनी विचारलं. नेहमीसारखं."

ब्रिनलीने बरगडीवर बोट टेकवून पाहिलं.

"आतून एका मुलीने उत्तर दिलं. येतेय, थांबा. ते बिचारे संध्याकाळपर्यंत थांबले. कोणीच आलं नाही. आवाज..." केनडी अडखळली. "बाई म्हणाली, आवाज तुमच्यासारखाच कोवळा होता हो. इथलाच वाटला. तसाच हेल काढून बोलणारी."

"बरं," ब्रिनली म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली जेवण मांडलेलं होतं. बटाटे, चीज, वर कुरकुरीत कॉर्नफ्लेक्सचा थर. तिचा आवडता पदार्थ. डॅड शिकारीतल्या हरणाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता आणि मॉम पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसत होती.

ब्रिनली बसली. एक घास घेतला. जिभेला काही लागलं नाही.

"काय गं, मीठ कमी झालंय का?" मॉमने विचारलं.

"डॅड, शनिवारी मला पिकअप हवीय."

"कुठे निघाली स्वारी?"

"सॅडलरला. वरच्या बाजूने शिरायचं आणि खालच्या तोंडाने बाहेर पडायचं."

डॅडचा काटा हवेतच राहिला. "डोकं फिरलंय का? त्या घळीतून आल्यापासून तुझी ही अवस्था झालीय, आणि पुन्हा तिथेच? अजिबात नाही."

"मी विचारत नाहीये, डॅड. सांगतेय." तिचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. "'येतेय' म्हणून खाली सांगितलं आणि गेलेच नाही, म्हणून मी अजून आतच आहे. मला आणायला मी जाणार आहे. मॉम, तू खालच्या तोंडाशी उभी राहा, आणि मी बाहेर येईपर्यंत काही झालं तरी तिथून हलू नकोस."