उजिनच्या आजीचं नाव

कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या सोक्चोला मार्चमध्येही बर्फ पडतो. त्या पहाटे तर असा पडत होता की चर्चच्या अंगणातला घंटेचा दोर ओला होऊन हाताला चिकटत होता. घंटा वाजवणं हे काही माझं काम नव्हतं. पण राखणदार आजोबा खोकल्याने अंथरुणाला खिळले होते, आणि पाळकाच्या मुलीला ‘नाही’ म्हणायची सोय कुठे असते?

त्या काळी रात्रीची संचारबंदी चारला उठायची. मग आमची घंटा, मग पहाटेची प्रार्थना. मी दोर ओढत होते, तेवढ्यात फाटकातून एक माणूस धावत आला. झोपायच्या कपड्यांवर कोट, एका पायात मोजा, दुसरा पाय नुसताच रबरी बुटात.

“कोण गेलं?” त्याने धापा टाकत विचारलं.

“कुठे?”

“म्हणजे... कुणी वारलं का? आग लागली? बोट बुडाली?”

“प्रार्थनेची घंटा आहे ही.”

“या वेळी? अहो, देवसुद्धा झोपला असेल!”

“आमचा झोपत नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. केसांवर बर्फ साचत होता, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

“रोज वाजते?”

“रोज.”

“आणि रविवारी?”

“रविवारी जास्त.”

“भिंतीपलीकडची खोली घेतलीय मी,” तो अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला. “घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, जागा फार शांत आहे...”

मला हसू आवरेना. दोर हातातून सुटला. “झोपमोड झालीच आहे, तर आत या. शेगडी पेटलीय. निदान ऊब तरी मिळेल.”

तो आला. शेवटच्या ओळीत उशीवर मांडी घालून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. बाबांनी लांबलचक प्रार्थना संपवून ‘आमेन’ म्हटलं, तेव्हा मागून, झोपेतच, मोठ्याने आवाज आला — “बसा खाली!”

माझ्या आईने तोंडात रुमाल कोंबला. अख्ख्या मंडळीला तेव्हाच कळलं, की माध्यमिक शाळेतले नवे भूगोलाचे सर आलेत.

त्याचं नाव पेक उजिन. घाटापलीकडच्या इंजे भागातला, डोंगरातला. आमच्या वस्तीतले सगळे युद्धात उत्तरेकडून बोटीने पळून आलेले. त्यांना डोंगरातली माणसं म्हणजे नुसते बटाटे. आई तर तोंडावरच म्हणायची, “काय हो बटाटे मास्तर, मासा खाता येतो का काट्यासकट?” तो निमूटपणे सुक्या म्योंगते माशाचं सूप वाटीभर पिऊन म्हणायचा, “काटे कळत नाहीत काकू, तिखटच एवढं आहे.”

दुसऱ्या दिवशी पहाटे तो परत आला. तिसऱ्याही. ऊब घ्यायला येतो, असं तोच सांगायचा. मग बर्फ वितळला, शेगडी विझवली — तरी येतच राहिला. आईने एकदा माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. मी गीतांची पुस्तकं नीट रचायला लागले. ती आधीच नीट होती.

त्याची शाळा खाडीपलीकडे. खाडीवर एक तराफा होता; लोखंडी आकड्याने तार ओढत ओढत उतारूंनीच तो पलीकडे न्यायचा. जूनमधल्या एका पावसाळी दुपारी मी मासळीबाजारातून परतत होते आणि तराफ्यावर तोही होता. आम्ही दोघांनी आकडे धरले. पाऊस बारीक, पाण्यावर सुया पडाव्यात तसा.

“बाई,” — रविवारच्या शाळेत मी मुलांना शिकवायची, म्हणून तो मला बाई म्हणे आणि मी त्याला सर — “तुमच्या नावाचा अर्थ काय हो?”

“शिने. शिन म्हणजे श्रद्धा, ए म्हणजे प्रेम.”

“आधी श्रद्धा, मग प्रेम?”

“बाबांनी ठेवलंय. क्रम त्यांचा.”

“आणि एखाद्याचं उलटं झालं तर? म्हणजे... आधी दुसरं, आणि मग त्याच्या मागून पहिलं?”

मी इतक्या जोरात तार ओढली की मागची म्हातारी ओरडली, “अगं ए, बुडवतेस का आम्हाला!”

ऑगस्टच्या उकाड्यात त्याने बाबांना सांगितलं, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. मग मलाही न्याहाळलं. “शास्त्र आधी समजून घ्या,” ते म्हणाले. “नाताळच्या आधी आम्ही प्रश्न विचारू. तारण म्हणजे काय हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्या डोक्यावर मी पाणी घालत नाही.” आणि बाबांना त्या दिवसांत शनिवारी आजाऱ्यांच्या घरी जावं लागे, म्हणून धडे द्यायचे माझ्यावर आले. आई शेजारच्या खोलीत दार उघडं टाकून माकूळ साफ करत बसायची. तिची सुरी थांबली, की समजायचं, ती ऐकतेय.

किती शनिवार गेले असतील... बार्लीच्या चहाचा वास, भाजलेली रताळी, आणि त्याचे प्रश्न. एका शनिवारी बायबलमधला द्राक्षमळ्याचा दाखला निघाला. मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो, मग दुपारी आणखी, मग अगदी दिवस मावळताना आणखी; आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो.

“माझ्या वर्गात मी असे गुण दिले,” उजिन म्हणाला, “तर पालक मला समुद्रात टाकतील.”

“म्हणून तर ती कृपा. कमावलेली नसते ती, दिलेली असते. पहाटे आलेल्यांचा हक्क जास्त नाही आणि शेवटी आलेल्यांचा कमी नाही.”

तो हसला नाही. बोट त्याच ओळीवर ठेवून बसला. “पण हे शेवटी आलेले... दिवसभर कुठे होते, बाई?”

“बाजारातच. उभे.”

“आळशी होते म्हणून?”

मी वाचलं. मग हळूच म्हटलं, “नाही. त्यांना कुणी कामाला लावलं नव्हतं म्हणून.”

शेजारच्या खोलीतली सुरी थांबली.

“माझी आजी अशीच उभी राहिली,” उजिन म्हणाला. “मला तिनेच वाढवलं. रोज पहाटे, थंडीतसुद्धा, उठायची. अंगणातल्या रांजणांवर स्वच्छ पाण्याची वाटी ठेवायची आणि दोन्ही तळवे चोळत माझ्यासाठी मागणं मागायची. कुणाकडे मागतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, जो कोण वर जागा असेल त्याच्याकडे. आमच्या गावापर्यंत कुणी पाळक कधी आलाच नाही हो. ती वारली त्या वर्षी रस्ता झाला... तिला संध्याकाळची मजुरी मिळाली असेल का?”

शिकवलेलं सगळं मला पाठ होतं. उत्तरही पाठ होतं. पण त्याच्या डोळ्यांकडे बघत ते म्हणवेना. मी म्हटलं, “चहा गार झालाय, गरम करून आणते,” आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच उभी राहिले.

प्रश्न विचारायची संध्याकाळ जवळ आली, तशी मला धाकधूक व्हायला लागली. सोलहून एका पाळकाच्या मुलाचं स्थळ आलं होतं. आई टाळत होती, बाबा टाळत नव्हते. बाप्तिस्मा न झालेल्या माणसाचं नाव बाबांपुढे काढणंही शक्य नव्हतं.

तराफ्याच्या धक्क्यावर मी त्याला गाठलं. “बाबा तुम्हाला आजीबद्दल विचारतील. शनिवारी तुम्ही काय म्हणालात ते आईने त्यांना सांगितलंय. तुम्ही फक्त म्हणा, की प्रभूवाचून तारण नाही, हे मी मानतो.”

“ते मी मानतोच.”

“आणि म्हणून जे बाप्तिस्म्यावाचून गेले ते हरवले, असंही म्हणा. एवढंच. एक वाक्य.”

“ते मला माहीत नाही, शिने.”

बाई नव्हे — शिने. पहिल्यांदाच. आणि मला आनंद करायलाही सवड नव्हती.

“माहीत नसलं तरी म्हणा!”

“तुमच्या देवाशी पहिलीच ओळख, आणि ती थाप मारून करून घेऊ?” तो हळू आवाजात म्हणाला. “मग उद्या तुमच्याशी खरं बोलेन, यावर कसा विश्वास ठेवाल?”

“ठेवणारच नाही. बसा बटाट्यासारखे मातीत!” मी म्हणाले, आणि डोळे पुसत घरी आले.

त्या संध्याकाळी बाबा आणि मंडळीतले दोघे ज्येष्ठ ओळीने बसले होते. मी चहा घेऊन आत गेले आणि ट्रे धरून दाराशीच थांबले. उजिनने सगळी उत्तरं बरोबर दिली. पाप म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, वधस्तंभावर काय झालं. एक ज्येष्ठ तर मान डोलवायला लागले. मग बाबांनी विचारलं, “तुमच्या आजी आज कुठे आहेत, असं तुम्ही मानता?”

“मला माहीत नाही, पाळकसाहेब.”

“शास्त्र काय सांगतं?”

“शास्त्र मला माझ्याबद्दल सांगतं, की मी त्याच्याकडे यावं. मी आलोय. आजीचा निकाल मला देता येत नाही. तो मी त्याच्यावरच सोपवतो. तो माझ्यापेक्षा कठोर नसेल, एवढंच मला वाटतं.”

बाबांचा चेहरा पांढरा पडला. नुसत्या रागाने नव्हे, असं मला आज वाटतं. “पुढच्या वर्षी बघू,” ते म्हणाले आणि उठून गेले.

नाताळला चौघांचा बाप्तिस्मा झाला. उजिन त्यांच्यात नव्हता. पण तो आला होता. दिवे टांगत होता, पोरांच्या नाटकातल्या मेंढ्यांना कापूस चिकटवत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा शेवटच्या ओळीत. मला वाटलं होतं, तो रुसेल. तो रुसला असता तर बरं, असंही वाटलं. असं रोज येणाऱ्या माणसावर रागावून तरी किती दिवस राहायचं?

मग जुन्या पंचांगाचं नवं वर्ष आलं. त्या दिवशी आमची सगळी वस्ती किनाऱ्यावर जाऊन उत्तरेकडे तोंड करून उभी राहते. मागे राहिलेल्या माणसांसाठी. बाबा कधी जात नसत. त्या पहाटे प्रार्थना संपली, लोक किनाऱ्याकडे गेले, आणि बाबा व्यासपीठापाशी तसेच गुडघ्यांवर राहिले. मी उश्या गोळा करत होते. उजिन मदत करत होता. एकमेकांकडे न बघता.

“उजिन,” बाबांनी हाक मारली. सर नाही, तुम्ही नाही. “तुझ्या आजीचं नाव काय?”

तो गोंधळला. “गान्नान. म्हणजे नुसतं तान्ही. नाव ठेवायला कुणाला सवड झाली नव्हती.”

“गान्नान,” बाबा पुटपुटले. “माझ्या वडिलांचं नाव चो मानसिक. मी ख्रिस्ती झालो म्हणून त्यांनी मला चाबकाने फोडलं होतं. आणि बंदरावरून शेवटच्या बोटी सुटत होत्या, तेव्हा त्यांनीच मला ढकलून वर चढवलं. म्हणाले, पूर्वजांच्या कबरींपाशी कुणीतरी राहायला हवं. तू जा. तुझ्या देवाला सांग, पोराला सांभाळ.”

मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

“मी त्यांचं नाव प्रार्थनेत कधी घेतलं नाही,” ते म्हणाले. “उपयोग नाही, असं शिकलो होतो, आणि तसंच शिकवलं. त्या दिवशी तुला जे विचारलं ना, ते मी मलाच विचारत आलोय. मलाही माहीत नाही रे. पाळकाने असं म्हणू नये, म्हणून तुझ्यावर चिडलो.” त्यांनी बाहीने तोंड पुसलं. “प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराने काय मागितलं होतं? नुसतं, माझी आठवण ठेव. त्याला आत घेताना कुणी परीक्षा घेतली नाही. ये, बस इथे.”

दोघं शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. दोन नावं बाबांनी मोठ्याने उच्चारली. मी उश्यांचा ढीग छातीशी धरून उभी होते. ठेवायचंही सुचलं नाही.

ईस्टरला उजिनचा बाप्तिस्मा झाला. बाबांनी जरा जास्तच पाणी घातलं असावं. ते त्याच्या कपाळावरून, नाकावरून, नव्या टायवर ओघळलं आणि तो लहान मुलासारखा हसला. मी टॉवेल दिला. तो घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर थांबली... क्षणभर. मंडळी गात होती. मी कुठल्या ओळीवर होते कोण जाणे.

मे महिन्यात तो म्हणाला, आजीच्या कबरीवर जायचंय. “मीही येतो,” बाबा म्हणाले. आणि मग, अगदी सहज, “शिने, तूही चल.”

बसने घाट चढून, पुढे पायवाटेने आम्ही गेलो. डोंगर गुलाबी फुलांनी पेटला होता. कबर म्हणजे गवताचा एक लहानसा उंचवटा; कुणी मुद्दाम दाखवला नसता तर कळलाही नसता. बाबांनी छोटी प्रार्थना केली आणि मग, वरून उत्तरेकडच्या रांगा दिसतात का ते बघतो म्हणत, काठी टेकत चढून गेले.

आम्ही दोघं गवत उपटत बसलो. तो कबरीशी काहीतरी कुजबुजत होता.

“काय सांगताय त्यांना?”

“सांगतोय, की एक मुलगी आहे. फार रागीट. मला बटाटा म्हणते.”

“आणखी?”

“आणखी... ती हो म्हणेल की नाही, काही कळत नाही, आजी.”

“तुम्ही विचारलंय कुठे तिला?”

त्याच्या हातातलं गवत तसंच राहिलं. कान लाल झाले. “विचारू?”

“इथे? आजींच्या समोर?” मी मान खाली घातली, कारण माझा चेहरा मला आवरत नव्हता. “विचारा मग. मोठ्यांच्या देखत मला नाही म्हणता येणार नाही.”

त्याने विचारलं. काय शब्द वापरले ते मी कुणाला सांगितलेले नाहीत, आज आमची नातवंडं खोदून खोदून विचारतात तरी नाही. मी त्या गवतावर तळहात टेकवला आणि म्हटलं, “आजी, मी तुमची नातसून.”

बाबा खाली आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि हातात फुलांची एक फांदी होती. त्यांनी ती कबरीवर ठेवली. आमच्याकडे एकदा पाहिलं.

परतीच्या बसमध्ये ते आपणहून पुढे, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले, आणि घाट उतरून समुद्र दिसेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.