उंब्रजची लाल मारुती

"चोरी नाही, मोडतोड नाही," पुष्कर बापट म्हणाला. "कुणीतरी गाडी पॉलिश करून ठेवली. हा काय गुन्हा झाला?"

भार्गवी लेले गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. सांगली सोडल्यापासून तिची पाठ ठणकत होती. पैसे घेऊन लोकांच्या लग्नाआधीच्या चौकशा करून करून ती थकली होती. पुष्कर बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिची गाडी चालवायचा आणि तिच्यासोबत लोकांना प्रश्न विचारायचा. बहुधा चुकीचे.

उंब्रजला विजयमाला थोरात वाटच बघत होत्या. त्यांच्या मुलीच्या, संयोगिताच्या लग्नाआधी भार्गवीनेच मुलाकडची माहिती काढली होती. शेडमध्ये जुनी लाल मारुती उभी होती. रंग इतका खोल, की त्यात अंगणातला पेरू दिसत होता.

"आमचं मालक, सुभेदार, गेल्यापास्नं मी चालवते, पर पुसली कवाच न्हाई," विजयमाला म्हणाल्या. "रंग पार उडालेला. हात लावला की लाल पीठ लागायचं. भनीकडं आटपाडीला गेले, परत आले तर ही अशी."

"मग आनंद माना," पुष्कर म्हणाला.

"आवं, चांगलं काम करणारा लपत न्हाई. समदी म्हणत्यात, मी न्हाई केलं."

त्यांनी कोरा चहा पुढे केला. "दूध न्हाई, ताई. आमचा दूधवाला जोतिबा सायकलीवरनं चरात पडला, मी न्हवते तवाच. मांडी मोडली. घेतली आसंल, म्हणत्यात लोकं. कराडला दवाखान्यात हाय."

"तो घेतो?"

"मी तर कवा बगितला न्हाई."

भार्गवीने आपल्या गाडीच्या डिकीतून पॉलिशचा डबा आणि पांढरं फडकं आणलं. दार घासलं, फडकं लाल झालं. टप, बॉनेट, मागची बाजू, सगळीकडे लाल. पुढच्या डाव्या चाकावरचा पत्रा घासला, तर फडकं पांढरंच राहिलं.

"तिथं जास्त स्वच्छ पुसलंय," पुष्कर म्हणाला.

भार्गवीने वाकून उन्हात पत्रा न्याहाळला. घासल्याच्या बारीक रेषा सरळ, वर-खाली होत्या. मग ती पाठ धरून उभी राहिली.

विजयमालांखेरीज गाडीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: मुलगी, गॅरेजवाला आणि पुतण्या. संयोगिता साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "बाळाला कांजिण्या आल्यात, मी घराबाहेर पडलेली नाही. आईला सांगा, येता आलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नको."

गॅरेजवाला नाथाजी हात पुसत बाहेर आला. भिंतीला पॉलिशचं मशीन टांगलेलं होतं.

"पॉलिशला माझा हात लागला न्हाई," तो म्हणाला. "आईची शपथ."

"मशीननं कसं दिसतं काम?"

"उन्हात गोल गोल वळणं दिसत्यात. किती बी जपा."

परतताना वाटेत जोतिबाचं घर लागलं. भिंतीला त्याची वाकडी सायकल टेकवलेली होती. दुधाची अ‍ॅल्युमिनियमची किटली एका अंगाला चेपलेली, त्यावर तांबूस पट्टा. "गंज," पुष्कर म्हणाला. भार्गवीने बोट फिरवलं. बोटाला लाल पीठ लागलं.

शेजारच्याच घरात विजयमालांचा पुतण्या पृथ्वीराज राहत होता. सैन्यात निवड झालेली, आठवड्याभरात निघायचं होतं. तो बादलीशी बसून बनियन धूत होता. पांढऱ्या कापडावर तळहाताएवढे गुलाबी डाग होते.

"गुलाल हाय," न विचारताच तो म्हणाला. "भरतीत नाव आलं तवा पोरांनी उधळला."

भार्गवीने बादलीत पाहिलं. पाणी साबणाचं होतं, पांढुरकं.

संध्याकाळी तिने नाथाजी आणि पृथ्वीराजला विजयमालांच्या अंगणात बोलावलं. ती खुर्चीवर बसूनच बोलली.

"या गाडीचा मूळ रंग जुन्या पद्धतीचा आहे. त्यावर पारदर्शक थर नसतो. घासलं की वरचा मेलेला रंगच फडक्यावर येतो आणि खालचा खोल, ताजा रंग उघडा पडतो. पण डाव्या पत्र्यावर फडकं कोरं राहिलं. तिथं नवा रंग आहे, वर पारदर्शक थर देऊन."

"मग सगळी गाडी कशाला घासायची?" पुष्करने विचारलं.

"एकच पत्रा नवा लाल दिसला असता, पुष्कर. तो लपवायला बाकीची गाडी त्याच्या तोडीची करावी लागली. नाथाजी, पॉलिश तुम्ही केलं नाही, खरं आहे. मशीनची वळणं कुठंच नाहीत. पण रंगाचं मी विचारलं नव्हतं."

नाथाजीने मान खाली घातली. "ह्यो मला म्हणाला, गाडी खांबाला घासली. चुलतीला कळू देऊ नगा. पोरगं फौजेत निघालंय, म्हणून गप बसलो."

"खांब नव्हता. जोतिबाच्या किटलीवर याच गाडीचं लाल पीठ आहे. अ‍ॅल्युमिनियमला असा गंज चढत नाही. आणि गुलाल अंगावर उधळला तर खांद्यावर पडतो, धुताना पाणी रंगवतो. पृथ्वीराज, तुझ्या बनियनवर ते मुठीत धरून गाडी घासल्याचे डाग आहेत. पाणी रंगलं नाही, कारण तो गाडीचा रंग आहे."

पृथ्वीराज अंगणातच खाली बसला.

"पोलिसात केस झाली तर भरतीतलं नाव जाईल, वाटलं," पृथ्वीराज म्हणाला. "मी थांबलो हुतो, काकी. जोतिबा हालत हुते. मागनं माणसं येताना दिसली, मंग निघालो."

"आन् गाव त्याला बेवडा म्हणतंय," विजयमाला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तू ऐकत हुतास."

त्याने होय म्हणून मान हलवली.

विजयमाला आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. "बस गाडीत. आदी जोतिबाकडं, मंग चौकीत. फौजेचं पुढं बगू."

कराडला वॉर्डाच्या दाराशी भार्गवी आणि पुष्कर थांबले. पाय वर टांगलेला जोतिबा छताकडे बघत पडला होता. पृथ्वीराज खाटेजवळ जाऊन हात जोडून उभा राहिला.

जोतिबाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"लय दिस लावलंस रं," तो म्हणाला.