उजवा गाल

खोली स्वस्तात मिळाली आणि मला आवडलीही, असा योग आमच्या धंद्यात क्वचितच येतो. बंद पडलेल्या दुकानाच्या वरची खोली, एकच खिडकी, भिंतींना गडद हिरवा रंग. घरमालक त्या रंगाबद्दल ओशाळून बोलत होता आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानत होते. पांढऱ्या भिंती म्हणजे कॅमेरा चालवणारीच्या डोक्याला ताप. उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारतो आणि चेहरा पीठ लावल्यासारखा सपाट दिसतो. इथे खिडकीतला उजेड चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर पडणार होता आणि उजवी बाजू अंधारात बुडणार होती. दिवे भाड्याने आणायची ऐपत नसली की अशी खिडकी देवासारखी धावून येते.

माणसं आम्ही तीनच. दिग्दर्शकाला आम्ही कॉलेजपासून तुफान म्हणतो, कारण त्याला प्रत्येक गोष्ट कालच हवी असते. कॅमेऱ्यामागे मी, आणि खुर्चीत माझी धाकटी बहीण. तिची ही पहिलीच मोठी भूमिका. ती तिला मिळावी म्हणून मीच तुफानच्या मागे हात धुऊन लागले होते, आणि हिला सांभाळून आणीन असा शब्द आईला मीच दिला होता. सिनेमात धाकटी खुर्चीत एकटी बसून फोनवर कोणाचा तरी निरोप घेते. बस्स. सगळी मदार तिच्या चेहऱ्यावर.

पहिल्या दिवशी उजवा गाल मला हवा तसा काळा आला. आभाळ भरलेलं होतं आणि खिडकीतला उजेड एकसारखा होता. मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच होतं. मॉनिटरवर पाहिलं तर उजवा गाल दिसत होता. अगदी लख्ख नाही, पण गालाचं हाड, कानाची पाळी, कानाखालचा तीळ, सगळं ओळखू येत होतं.

"वा! हा लाइट कुठून आणलास?" तुफान म्हणाला. "बजेटमध्ये तर नव्हता."

"आणलेला नाही."

"मग राहू दे. फुकटचं आहे."

त्याचं काय जातंय? कालच्या शॉटला आजचा शॉट जुळला नसता आणि शिव्या मी खाल्ल्या असत्या. मला पहिला संशय लेन्सचा आला. एका मित्राकडून मागून आणलेली जुनी लेन्स होती ती. अंधारात छान चालते म्हणून मी तिच्यावर जीव टाकते, पण जुन्या काचेवर धूसरपणा आला की काळ्याचं राखाडी होतं. मी ती काढून दुसरी, जरा रुंद दाखवणारी नवी लेन्स लावली. खुर्चीखालचा अंधार काळाकुट्ट, कोपरा काळाकुट्ट, धाकटीचे केस काळे. फक्त गाल उजळ. लेन्सवर खापर फोडायची सोय राहिली नाही.

मग खोलीत पांढरं काय आहे ते शोधलं. कागद उचलले, पाण्याची बाटली बाहेर नेली, तुफानला गडद शर्ट घालायला लावला. फरक शून्य.

तिसऱ्या दिवशी मी दोन स्टँड लावून तिच्या उजवीकडे मोठा काळा कपडा ताणला. काळा कपडा उजेड गिळून टाकतो, त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. कपडा लागला. गाल कालच्यापेक्षा जास्त उजळ होता.

धाकटी पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिच्या जागी माझी मूठ धरली. आमच्यात ही सवयच असते, माणूस नसला की मुठीवर उजेड कसा पडतो ते बघायचं. मुठीची डावी बाजू उजळली आणि उजवी काळी राहिली. अगदी हवी तशी. म्हणजे खोलीत काही बिघाड नव्हता.

ती येऊन बसली, आणि गाल उजळला.

मी तिच्या उजव्या गालापासून थोड्या अंतरावर हात धरला. माझ्या बोटांची सावली गालावर पडली. उजेड कपड्याच्या बाजूने येत होता. कपडा आणि ती यांच्यामध्ये हातभर रिकामी फरशी होती. सावलीची कड रेखीव असती तर उजेड लांबून येतोय असं समजले असते. कड पार विरघळलेली होती, म्हणजे उजेड अगदी जवळून, त्या रिकाम्या जागेतूनच येत होता.

"ताई, काय करतेस? गुदगुल्या होतात."

"या बाजूला काही वाटतंय का तुला?"

तिने जरा विचार केला. "छान वाटतंय. कोणीतरी ऐकतंय असं. फोनवर बोलायला सोपं जातं."

मी तुफानला कोपऱ्यात नेलं आणि आजचं काम थांबवू या म्हणाले. का, ते मला धड सांगता येईना. "एकच तर शॉट राहिलाय," तो म्हणाला. धाकटीने ते ऐकलं. "ताई, प्लीज. आत्ता जमतंय मला. पुन्हा नाही जमणार." लहानपणी ती हट्ट करायची तेव्हा असाच चेहरा करायची. मी भ्याले होते, तरी मान डोलावली.

शॉट सुरू झाला. ती इतकी सुंदर बोलत होती की तुफान खुर्चीच्या कडेवर सरकून बसला. तिने खिडकीकडे बघायचं असं ठरलं होतं. ती वाक्यागणिक उजवीकडे वळत गेली. फोन कानावरून खाली आला आणि ती बोलतच राहिली.

उजवा गाल आता खिडकीकडच्या गालापेक्षा उजळ होता.

असं होत नाही. खोलीत खिडकीशिवाय उजेड नव्हता.

मी कॅमेरा सोडून धावले आणि तिच्या गालाजवळ हात घातला. अगदी जवळ.

सावली पडली नाही.

माझा तळवा आणि तिचा गाल यांच्यात चार बोटांची जागा होती. उजेड त्या चार बोटांत होता.

मी खिडकीची दारं धाडकन लावली. तुफान ओरडला. मी अंधारात चाचपडत धाकटीचं मनगट पकडलं आणि तिला ओढत जिना उतरले.

रस्त्यावर बस होती, हॉर्न होते, फळांची गाडी होती. वर भरलेलं आभाळ. धाकटी रडकुंडीला आली होती. "तुफानदादानं कट म्हटलंच नव्हतं! असं कसं केलंस तू?"

मी तिचे दोन्ही गाल पाहिले. सारखे होते. अशा आभाळाखाली सगळ्यांचेच असतात. मला हसू येत होतं. मी तिला मिठी मारायला पुढे झाले.

ती एक पाऊल मागे सरकली. तिचा तळहात स्वतःच्या छातीशी होता.

ढगाळ उजेड वरून येतो. हनुवटीखाली अंधार राहतोच, फळवाल्याच्या होता, बसमधून उतरणाऱ्या बाईच्याही होता. धाकटीच्या अंगात गळ्यापर्यंत काळा स्वेटर होता. तिच्या हनुवटीखाली उजेड होता.

मी ओरडले असणार, कारण फळवाल्याने वळून पाहिलं.

धाकटीने मान हळूच खाली झुकवली, कुशीत मूल असलं की झुकवतात तशी.

"ताई," ती कुजबुजली, "हळू बोल ना."