कुंपणापलीकडचे दोन मीटर

पहिल्याच भेटीत ईराने आदर्शला त्याच्याच शेतातली आग विझवायला लावली. त्यामुळे पुढचं सगळं जरा उलट्या क्रमानेच घडत गेलं.

गागोद्याजवळ गॅसच्या पाइपलाइनवर एक छोटं स्टेशन उभं राहत होतं. दाब वाढला की तिथल्या एका उभ्या नळीतून गॅस बाहेर सोडायचा. त्या नळीभोवती धोक्याचं क्षेत्र किती, हे ठरवणं ईराचं काम. उत्तर आलं पाच मीटर, चहूबाजूंनी. कुंपण होतं तीनच मीटरवर. म्हणजे उरलेले दोन मीटर धोका परस्पर आदर्शच्या वालाच्या शेतात जाऊन बसला होता, आणि नेमकं तिथेच त्याने पोपटीचं, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायचं, मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला होता.

"विझवा," ती कुंपणाअलीकडून म्हणाली.

"पाइपात गॅस आलाय काय?"

"अजून नाही."

"मग?"

"वर्तुळ आलंय."

आदर्शने आजूबाजूला पाहिलं. वर्तुळ दिसेना, हेल्मेटखालचे डोळे मात्र दिसले. त्याने निमूट आग विझवली. त्याची आई, हौसाबाई, अर्धकच्च्या शेंगांकडे बघत म्हणाली, "गॅस यायच्या आधी तुझाच भडका झाला गो बाय."

मग ईरा मोजायला येत राहिली. टेपचं दुसरं टोक आदर्श धरायचा. कुंपण जागचं हललेलं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी चौथ्यांदा मोजलं. वर्तुळात काय काय चालत नाही, असं त्याने एकदा विचारलं. ठिणगी, विडी, मोबाईल, तापलेली वस्तू... ती सांगत गेली.

"आणि माणूस तापला तर?"

"किती अंश?" तिने वही उघडून विचारलं.

रोह्याच्या ऑफिसात तिचे साहेब हरेश यांनी तोडगा काढला: कुंपणालगत कधीच आग पेटवणार नाही, असं शेतकऱ्याकडून लिहून घ्या, नळी राहू दे जिथल्या तिथे. ईरा ऐकेना. कुंपणापलीकडे आपला अंमल चालत नाही, तेव्हा आपला धोका आपल्याच हद्दीत मावला पाहिजे, असं तिचं म्हणणं. साहेब म्हणाले, नकाशा मंजूर झालाय. धोक्याला तसं कळवलंय का, असं तिने विचारलं. त्यावर साहेबांनी सोमवारची मुदत दिली: शेतकऱ्याची सही, नाहीतर या कामावर दुसरं कुणीतरी.

सहीसाठी टाइप केलेलं ते पत्र घेऊन ती गागोद्याला गेलीच नाही. पण स्टेशनच्या वॉचमनकडून आदर्शला सगळं कळलं, आणि सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तो रोह्यात हजर. पत्र मागितलं, पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," ईरा म्हणाली.

"तुमचं काम जातंय. पोपटी काय, घरामागं पण लागते."

"उद्या तिथे तुमचा चुलतभाऊ विडी ओढेल. गॅस काय तुमची सही वाचत बसणारे? तुम्ही तरी वाचलंय का हे?"

"नाय."

"न वाचता सही करणाऱ्या माणसाशी मी लग्न करणार नाही."

हरेशसाहेबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. लग्नाचा उल्लेख कुठेच नव्हता. ईराचे कान लाल झाले, पण मान काही तिने खाली घातली नाही.

आदर्शने टोपण लावलं. खुर्ची ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला बसला. बावीस मिनिटांनी मान वर केली.

"साहेब, यात माझ्यामागं जमीन ज्याला जाईल त्याला पण बांधून टाकलंय. नाय जमणार. माझ्या पोरांच्या वतीनं... मी एकट्यानं कसं लिहून देऊ?"

बोलताना त्याने ईराकडे मुळीच पाहिलं नाही. फार मेहनतीने पाहिलं नाही.

ईराने आपला नकाशा पुढे सरकवला: नळी अडीच मीटर आत, वर्तुळ कुंपणाच्या अर्धा मीटर अलीकडे. हे दोघं रोज ऑफिसात येऊन असंच बोलतील, या भीतीने साहेबांनी नळी हलवायला मंजुरी दिली. आणि ईराची बदली वडखळच्या कामावर केली.

"म्हणजे आता गागोद्याला येणार नाय?" बाहेर रस्त्यावर आदर्शने विचारलं.

"रविवारी येतेय. आई-बाबा आहेत बरोबर."

"त्यांना काय मोजायचंय?"

"तुम्हाला बघायला येतायत."

आदर्श चालता चालता थांबला. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, तोही त्याला ऐकू आला नसावा.

"पोहे... मीच करायचे काय?"

"अर्थात."

"मला कांदा चिरता येत नाय."

"सहा दिवस आहेत," ईरा म्हणाली.