पोचल्याचा फोन

निरंजन मेलबर्नहून जेवायला आला, तेव्हा वरणाला अजून फोडणी बसायची होती.

"उशीर झाला," तो बूट काढत म्हणाला. "यानाला नाही, वर्धा रोडला."

मनोहर घटाटे समाधानाने हसले. नागपूर ते मेलबर्न म्हणजे साडेनऊ हजार किलोमीटर. पूर्वी वाटेत विमान बदलून जवळजवळ एक दिवस जायचा. आता झेपयान होतं. हवेचा थर ओलांडून वर झेप घ्यायची, तिथे अडवायला काहीच नसतं, आणि पलीकडे उतरायचं. सगळी मिळून पन्नास मिनिटं. उतरताना यान हवेशी घासून लाल होतं. ती आग झेलणारं कवच ज्या तुकडीने घडवलं, तिचे घटाटे प्रमुख होते. एवढी घाई कशाला, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "पोरगा लांब आहे."

पोरगा आता लांब नव्हता. त्यामुळे तो राहत नव्हता.

दिवसभराच्या प्रवासाला तीन आठवड्यांची सुट्टी शोभायची. शरीराचं घड्याळ मेलबर्नचंच असल्याने तो भल्या पहाटे उठून बसायचा, आणि मग तिघांचा चहा उजाडेपर्यंत चालायचा. पन्नास मिनिटांच्या प्रवासाला एक जेवण पुरतं. घटाट्यांनी वाचवलेला वेळ मुलाच्या ऑफिसच्या खात्यावर जमा होत होता. हिशेबात पक्के असूनही ही एक नोंद ते टाळत आले होते.

"आज राहा," कुमुदताई पोळी वाढत म्हणाल्या. "गादीला ऊन दाखवलंय."

"राहायचं कशाला, आई? तू म्हणशील तेव्हा येतो की."

"मग आज रात्री ये म्हणते."

"सकाळी मीटिंग आहे गं."

"पहाटे नीघ. पन्नासच मिनिटं ना?"

निरंजनने भात मागितला.

जेवण झाल्यावर झोपाळ्यावर बसून त्याने चिवडा खाल्ला, लहानपणीसारखाच निम्मा खाली सांडला, आणि हातावर दही घेऊन "येतो" म्हणत निघाला.

घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही कुमुदताईंची रीत. घटाटे यावरून त्यांना चिडवायचे. पूर्वी चिवडा दुसऱ्या दिवसापर्यंत फरशीवर पडून असायचा, आणि तोवर घर रिकामं झालंय असं वाटायचं नाही. मुलाच्या जाण्यातला तेवढा एक दिवस आईच्या वाट्याचा होता. तोही कवचाने खाल्ला, हे घटाट्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

कुमुदताई झोपाळ्यासमोर बसून होत्या. केरसुणी कोपऱ्यात उभी होती. चहाचं आधण ठेवलं न ठेवलं तोच फोन वाजला.

"पोचला," घटाटे म्हणाले आणि हात पुढे केला.

"उचलू नका."

"अगं, तो काळजी करेल."

"करू दे थोडी." त्यांनी पायाजवळचा एक शेंगदाणा उचलला आणि होता तिथेच परत ठेवला. "फारच वाटली तर येईल परत. तुम्हीच जवळ आणून ठेवलंय ना सगळं?"

फोन थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला. मग वाजला नाही.

घटाट्यांनी फाटकाकडे पाहिलं.

"आणि नाही आला तर?"