क्लच तुझा, ब्रेक माझा

आधी ते शटर अर्ध्यावर ओढा, डास फोडून काढतायत. आणि भाचेसाहेब, तुम्ही असे पुढे या. काय सांगत होतास रे मघाशी मित्रांना? घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकतो, पेट्रोल वाचतं? वा रे शहाण्या! वाचलेलं पेट्रोल वर घेऊन जाणार आहेस का?

दात काढू नका. लाइट येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. अर्धी त्या घाटात घडली, अर्धी इथे गॅरेजात, तुम्ही बसलायत त्याच जागेवर. भुताची म्हणायची तर म्हणा. मी एवढंच सांगेन, की ज्याच्यावर बेतली तो माझा दोस्त होता आणि थापा मारणं त्याला कधी जमलं नाही.

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेतला नव्हे, ड्रायव्हिंगचा. निम्म्या गावाचं लायसन त्याच्या हाताखालून गेलंय. गाडी एकच, जुनी, खटारा. शिकाऊ गाडी बघितलीय ना? डाव्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक असतात, खालून सळईनं उजवीकडच्यांना जोडलेले. डावीकडून मास्तरनं दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा आपोआप खाली जातो. शिकणाऱ्याची गाळण उडाली तर गाडी सांभाळता यावी म्हणून.

त्या गाडीच्या गिअरबॉक्समधल्या रिंगा पार झिजल्या होत्या. डबल क्लच मारल्याशिवाय खालचा गिअर पडायचाच नाही. म्हणजे काय, ते तुम्हा पोरांना सांगायला हवं. क्लच दाबायचा, गिअर काढायचा. क्लच सोडायचा. आता इंजिनला जराशी रेस द्यायची, खालच्या गिअरच्या वेगाला येईल इतकी. मग परत क्लच दाबून तो गिअर टाकायचा. जमलं तर लोण्यात सुरी. चुकलं तर दातावर दात घासून असा कर्रकर्र आवाज, की रस्त्यावरची कुत्री उठून बसावीत. मी कितीदा म्हटलं, मास्तर, रिंगा बदलून देतो. तर म्हणायचा, राहू दे, हिच्यावर जो शिकला तो बैलगाडीपासून बुलडोझरपर्यंत काहीही चालवेल.

त्याला एकच मुलगी. नऊ वर्षांची असल्यापासून बापाच्या गाडीत. शिकायला येणारे तिला छोटे मास्तर म्हणायचे. रविवारी संध्याकाळी शिकवणी नसायची, तेव्हा ही बापलेक घाटाच्या माथ्यावर जायची आणि उतरून यायची. बाप उजवीकडे, ही डावीकडे, मास्तरच्या जागेवर. पाय पुरायचे नाहीत म्हणून सीटच्या अगदी कडेवर बसायची. चपला काढून. अनवाणी पायाला इंजिन कळतं, म्हणायची.

त्यांचा एक खेळ होता. क्लच तिचा. ब्रेक, रेस, गिअरची दांडी आणि स्टिअरिंग बापाचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. तिनं इंजिनचा आवाज ऐकायचा आणि आपणहून दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. बापानं मधल्या मध्ये रेस द्यायची आणि गिअर टाकायचा. दोन माणसांनी मिळून एक डबल क्लच! मी एकदा मागं बसलो होतो, माझा विश्वास बसेना. नियम एकच. क्लच तुझा, ब्रेक माझा. ब्रेकला तिनं पाय लावायचा नाही, काही झालं तरी.

आणि चुकून कर्रकर्र झालंच, की ती मान वळवून विचारायची, "बाबा, दात कुणाचे वाजले?"

चूक कुणाचीही असो, हा म्हणायचा, "माझे गं, माझे."

मला सांगायची, काका, अठरा वर्षांची झाले की मी उजवीकडे बसणार, बाबांना डावीकडे बसवणार. मग क्लच माझा आणि ब्रेकपण माझा.

तेरावं लागलं आणि तिला ताप आला. साधाच वाटला. आठवडा उलटला नाही तोवर पोर गेली.

...

पाणी दे रे जरा.

मास्तरनं शिकवणं सोडलं. गाडी माझ्या गॅरेजमागे आणून लावली आणि परत तिच्याकडे फिरकला नाही. डावी सीट दिसली की माझ्या काळजाचं पाणी होतं, म्हणायचा. वर्षभर गाडी तिथंच. धुळीचा थर बसला, बोटानं नाव लिहावं असा.

मग गिऱ्हाईक आलं. घाटाखालचा एक अंडीवाला. त्याला डाव्या बाजूला ट्रे ठेवायचे होते, म्हणून अट घातली, की तिकडचे पेडल काढून द्या. मीच काढले. बोल्ट गंजून बसलेले, घाम फुटला. मास्तर सगळा वेळ दारात पाठ करून उभा. सळईसकट दोन्ही पेडल मी त्या भिंतीवरच्या खिळ्यांना टांगले. रबरावर ती धूळ तशीच होती. पुसायला हात धजेना.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार होता. मास्तर म्हणाला, अंडीवाल्याला गाडी पहाटे हवीय, रात्रीच नेऊन ठेवतो, रस्ता मोकळा असतो. साधं काम. किल्ली घेतली, टायरमधली हवा बघितली, दिवे लावून बघितले. तेवढ्यात वहिनी आल्या. त्याची बायको. मला बाजूला घेतलं.

"भावजी, आज हे जेवताना हसले."

"चांगलंच की वहिनी."

"वर्षभरात पहिल्यांदा हसले. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला भीती वाटतेय. हे परत येतील ना?"

मी मास्तरला म्हटलं, थांब, मी येतो. तो म्हणाला, "नको. शेवटची फेरी आहे. आम्हा दोघांना जाऊ दे." मी समजलो, तो आणि गाडी. साडेदहाला तो निघाला. शटरला मी कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. वहिनींना आमच्या घरी आणलं. त्या खिडकीशी बसल्या त्या बसल्याच, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

पुढचं त्यानं मला सांगितलं, तसं सांगतो.

घाटाच्या माथ्यावर ती दोघं थांबायची तिथं तो थांबला. इंजिन चालूच. डावीकडे पेडल काढल्याची भोकं राहिली होती, त्यातून गार वारा आत येत होता. खाली घाटभर एक दिवा नाही. थोडा वेळ बसला. मग निघाला. पहिलं वळण नीट घेतलं. तिसऱ्या गिअरात.

आणि मग त्यानं गाडी न्यूट्रलला टाकली.

कोणी? मास्तरनं! ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, हे ज्यानं आम्हाला घोकून घोकून शिकवलं, त्यानं. मी विचारलं, का रे बाबा? म्हणाला, "ठरवलं काहीच नव्हतं. फक्त ब्रेकवर पाय ठेवावासा वाटेना. पाय मागं घेतले. दोन्ही."

गाडी सुटली.

आधी हळू. मग जोरात. इंजिन निवांत गुरगुरतंय आणि वारा ओरडतोय. दुसरं वळण कसंबसं गेलं. कठड्याचा पांढरा पट्टा दिव्यात आला, गेला. हात स्टिअरिंगवर होते. ते तेवढे सवयीनं चालत होते.

तेव्हा क्लच खाली गेला.

त्याचे पाय मागे होते. सीटखाली. मीटरच्या उजेडात त्याला स्वच्छ दिसलं. पेडल आपलं आपण खाली गेलं. पार तळाला... क्षणभर तिथंच राहिलं... आणि वर आलं.

आणि थांबलं.

मास्तरची डावीकडे बघायची छाती होईना. समोर बघत राहिला. पेडल परत गेलं. खाली... वर. थांबलं.

वाट बघत होतं.

काय हवं होतं, कळतंय का तुम्हाला? गाडी न्यूट्रलला आहे. क्लच सुटलाय. आता रेस हवी! रेस दिल्याशिवाय गिअर पडणार कसा? आणि रेस तिच्या वाटणीला नव्हती. दांडी तिच्या वाटणीला नव्हती. तिच्या वाटणीला होता फक्त क्लच. तिचं ती करून बसली होती. उरलेलं याचं होतं.

"छोटे मास्तर..." तो म्हणाला.

"अगं..."

वारा. पुढचं वळण दिसायला लागलं. पेडल पुन्हा हललं. आता घाईघाईनं. खाली वर. खाली वर. पोरं बापाचा सदरा ओढतात ना, ऐका ना म्हणून... तसं.

त्याचा उजवा पाय पुढे आला. आपोआप आला, म्हणतो. त्यानं रेस दिली.

लगेच क्लच खाली.

हातानं तिसरा टाकला. पडला. लोण्यात सुरी. क्लच वर आला आणि गाडीनं अशी ओढ घेतली, की हा स्टिअरिंगवर पुढं आदळला. वेग उतरला. पण पुरेसा नाही. आता दुसरा हवा. क्लच खाली. यानं गिअर काढला. क्लच वर. रेस दिली... डोळ्यांत पाणी होतं, कमी दिली. क्लच खाली. दांडी ओढली.

कर्रकर्र...

दात वाजले. गिअर पडला एकदाचा, पण वाजले. आणि मग गाडीत अशी शांतता झाली, म्हणाला, की मला माहीत होतं, ती मान वळवून माझ्याकडे बघतेय.

तो हुंदका देऊन ओरडला, "माझे गं! माझे!"

...

आता शेवटचं वळण. तुम्हाला माहितीय ते. दुसऱ्या गिअरावरही तिथं भागत नाही. ब्रेक लागतोच. कठडा समोर आला. मास्तरनं खाली बघितलं.

क्लच स्थिर.

ब्रेक स्थिर.

तो वाट बघत राहिला. ब्रेकही खाली जाईल म्हणून. गेला नाही... नाहीच गेला. पेडल तसंच. कठडा आला... अगदी आला...

मास्तरनं ब्रेक दाबला. स्वतः. दोन्ही पायांनी.

गाडी कठड्यापासून हातभर अलीकडे थांबली. इंजिन बंद पडलं. तेव्हा कुठे त्यानं डावीकडे बघितलं. रिकामी सीट. उजाडेपर्यंत तो तिथंच बसून होता. रडत. वर्षभर रडला नव्हता, ते सगळं तिथं रडला.

सकाळी इंजिनचा आवाज ऐकला आणि वहिनी अनवाणी धावत सुटल्या. तो दार उघडून उतरला, तर या दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारत सुटल्या. मारून मारून थकल्या आणि मग तसंच त्याला धरून राहिल्या. आम्ही खाली मान घालून उभे.

नंतर तो माझ्याकडे आला. डोळे सुजलेले. "अंडीवाल्याला नाही म्हणून सांगून आलो. गाडी विकायची नाही," म्हणाला. मग सगळं सांगितलं आणि विचारतो काय, "तू ते पेडल नीट काढले होतेस ना रे? सळई राहिली असेल आत?"

मला रागच आला. रात्रभर जिवाला घोर, आणि वर माझ्या कामावर शंका! म्हटलं, चल, डोळ्यांनी बघ. कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर केलं. दोन्ही पेडल खिळ्यांना. सळई लोंबतेय. मी लावले तसे. म्हटलं, बघ, आहेत का नाहीत...

क्लचच्या रबरावर धुळीत पाय उमटला होता. लहानसा. डावा. अंगठा आणि चार बोटं, अगदी मोजून घ्यावीत अशी. मास्तरनं हात पुढे केला आणि मागं घेतला. मग शेजारच्या ब्रेककडे बघितलं आणि खालीच बसला.

गाडीला मी पुढे दुसरे पेडल बसवले. मास्तर पुन्हा शिकवायला लागला, चांगला म्हातारा झाला आणि परवापरवा आपल्या बिछान्यात वारला. हे दोन इथंच राहिले. त्या खिळ्यांवरून मी ते कधी काढले नाहीत. इतक्या वर्षांची गॅरेजची धूळ बसलीय सगळ्यावर. त्या पायाच्या खुणेत मात्र बसत नाही.

ऊठ भाच्या, टॉर्च घे. तो बघ, डावीकडचा क्लच... दिसली बोटं? फुंकर मारू नकोस. आता उजवीकडे ने टॉर्च, ब्रेकवर. आहे काही? बघ नीट, जवळून बघ... नुसती धूळ आहे ना?

तिनं त्याला पाय लावला नाही रे. तो बाबांचा होता.